एका पानाचं झाड

आमचं घर तळमजल्यावर. विलेपार्ले पूर्वेला जुनी तीन मजली बिल्डिंग, आणि तळमजल्याचे जे काय भोग असतात, म्हणजे उंदीर, डास, वरून पडणारे टॉवेल आणि क्लिपा, पावसाळ्यात मोरीतून येणारे गुडगुड आवाज, ते सगळे भोगून झाल्यावर एकच सुख हाताशी उरतं, ते म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीमागची पट्टी. साडेतीन फूट रुंद, थेट कंपाउंड वॉलपर्यंत. तिला मी बाग म्हणते, नवरा गटार म्हणतो, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे कारण ड्रेनेजचा पाईप त्यातूनच जातो आणि त्या पाईपच्या ओलीवर आमचा अळू असा माजतो की अर्ध्या बिल्डिंगला अळूवड्यांची पानं आमच्याकडून जातात.

२०१९ मध्ये आप्पा, म्हणजे माझे सासरे, माथेरानहून परत येताना कर्जतजवळ रस्त्यावरच्या एका नर्सरीतून हापूसचं कलम घेऊन आले. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे दारात हापूस असणं ही त्यांची आयुष्यभराची हौस. त्या पट्टीत दिवसातून जेमतेम तासभर ऊन येतं हे आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं, ते म्हणाले झाड आपलं बघून घेतं. काळ्या पिशवीतल्या लाल मातीसकट त्यांनी ते लावलं. दोन पावसाळे ते बिचारं तग धरून राहिलं, २०२१ ला वाळलं, आणि त्याच वर्षी आप्पाही गेले. नंतर ती वाळकी काडी उपटायचं धाडस कोणाचंच होईना. मी त्या कोपऱ्यात खुरपंसुद्धा घातलं नाही. आता वाटतं नशीब, नाहीतर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

२०२२ च्या जूनअखेरीस त्या काडीच्या शेजारी एक कोंब आला. सरळ, पेन्सिलीएवढा जाड, टोकाला काहीतरी गुंडाळून ठेवल्यासारखं, अगदी मिटलेल्या छत्रीसारखं. तीन-चार दिवसांत ती छत्री उघडली. वरती देठाचे तीन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा फाटे, आणि त्यांना लांबट टोकदार हिरवी पर्णिकांची झालर. मला वाटलं पपई. मग वाटलं पपई अशी नसते. मी दुसरं पान यायची वाट बघायला लागले, कारण एका पानावरून झाड कसं ओळखणार, आणि दुसरं पान काही आलं नाही. जुलै गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. ते एकच पान तसंच उभं. दिवाळीच्या आसपास ते पिवळं पडलं आणि एके दिवशी बुडातून आडवं झालं. मेलं म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या वर्षी पुन्हा! आणि ह्या वेळी गुडघ्याएवढं. ह्या वेळी खोडावरची नक्षीसुद्धा नीट दिसली, हिरवट तपकिरी रंगावर फिकट पांढुरके ठिपके आणि चट्टे, इतके सापासारखे की आमचा वॉचमन टाकीचा वॉल्व्ह बंद करायला मागे गेला तो तसाच उलट्या पावली आला आणि मला म्हणाला, मॅडम, पीछे मत जाना, अजगर का बच्चा है. मी टॉर्च घेऊन गेले. अजगराच्या पिल्लाच्या डोक्यावर छत्री होती.

मग मी रीतसर मागे लागले. मोबाईलवर झाडं ओळखायचं एक अ‍ॅप घेतलं. त्याने पहिल्या फोटोला सांगितलं सुरण. दुसऱ्या दिवशी जरा बाजूने फोटो काढला तर सापकांदा. तिसऱ्या दिवशी पाऊस पडून गेल्यावर काढला तर भलतंच कुठलं तरी परदेशी नाव. माझं म्हणणं असं की अ‍ॅपचा काही दोष नाही, त्याला जे दाखवलं त्यावरून ते बोलतंय, आणि मी त्याला दाखवत होते एकच पान. पण चिडचिड झाली खरी.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. तिथे तर काय, एकेकाचं ज्ञान ओसंडून वाहायला लागलं. एका आत्याबाईंनी लगेच 'सुरणच, मूळव्याधीवर उत्तम' असं लिहून टाकलं (सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न म्हणतात, तेवढं बरोबर आहे), एका दिरांनी कुठून तरी आलेला 'ही वनस्पती दिसली तर सोडू नका' छापाचा मेसेज चिकटवला, ज्यातला फोटो टाकळ्याचा होता. आणि एक प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच, खाता येतं का? आपल्याकडे अनोळखी झाड दिसलं की दोनच प्रश्न पडतात, खाता येतं का आणि औषधी आहे का. तिसरा प्रश्न, म्हणजे विषारी आहे का, तो बहुतेक खाऊन झाल्यावर पडतो. मला ह्याची खरंच भीती वाटते. आपल्या ह्याच डोंगरांत पावसाळ्यात कळलावी फुलते, इतकी देखणी की माणूस बघतच राहावं, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्या, पानांची टोकं वळून आधार धरणारी, आणि तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. कोणीतरी ग्रुपवर 'हा कंद औषधी' म्हणून लिहिलं आणि कोणी तेवढ्यावर उकडून खाल्लं तर?

सापकांद्याचा पत्ता मात्र मी लवकर कापला. पहिल्या मजल्यावरचे एक काका दर पावसाळ्यात ट्रेकला जातात, त्यांच्याकडे माथेरानच्या सापकांद्याचे ढीगभर फोटो, नागाच्या फण्यासारखं पांढरं-जांभळं फूल. त्याचं पान वेगळं असतं. त्यात पर्णिका एकाच ठिकाणाहून निघून गोल पसरतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. माझ्याकडच्या पानाला आधी तीन मोठे फाटे आणि मग उपफाटे. एवढं पाहायला मला दोन वर्षं लागली आणि पाहिल्यावर वाटलं की हे तर ढळढळीत दिसत होतं.

राहिलं सुरण. ते खोडून काढलं पार्ल्याच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका मावशींनी. पावसाळ्यात पालघरच्या बाजूने पहाटेच्या गाडीने ज्या बायका येतात ना, टोपलीत कंटोळी, टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा घेऊन, त्यांतल्या एक. सुटं प्लास्टिक अंथरून बसतात, दुपारपर्यंत परत. मी त्यांच्याकडून फोडशी घेताघेता मोबाईल पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, मोबाईल लांब धरून बघितला आणि विचारलं, दांडा हाताला कसा लागतो? मी म्हटलं म्हणजे? म्हणाल्या, सुरणाचा दांडा खरखरीत असतो, बारीक बारीक गाठी लागतात बोटाला, हात लावून बघ आणि उद्या सांग. एका वाक्यात! तीन वर्षं मी त्या झाडाकडे बघत होते, फोटो काढत होते, आणि हात लावायचं काही मला सुचलं नव्हतं, अळूच्या खाजेचा धसका असल्यामुळे असेल.

घरी येऊन हात लावला. गुळगुळीत. केळीच्या सोपटासारखा थंड, गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, मग शेवळ्याचा असंल. पण फूल आल्याबिगर नक्की नाय सांगणार, आम्ही पानाला कोण बघतोय, पान येतं तवर शेवळी सरलेली असतात.

शेवळं हा शब्द मला तोवर नुसता ऐकून माहीत होता. आमच्याकडे घाटावर ही भाजी नाही. मुंबई, ठाणे, रायगड, पालघर ह्या पट्ट्यातली ती मिरास, त्यातही सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरात तिचं जे कौतुक चालतं ते बाहेरच्याला कळणं अवघड आहे. पहिला पाऊस पडला की दोन-तीन आठवडे दादरला, ठाण्याला, वसईला जुड्या दिसतात, लांबुडक्या मिटलेल्या जांभळट तपकिरी कळ्यांच्या, आणि मग वर्षभर गायब.

नवऱ्याने ह्यात एकच भर घातली पण ती कामाची होती. तो सिव्हिल इंजिनिअर, त्याला झाडांचं काही नाही, पण त्याने कुठून तरी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा तो जुना इंग्रजी ग्रंथ डाउनलोड करून दिला, थिओडोर कुक नावाच्या साहेबाने लिहिलेला, १९०१ ते १९०८ ह्या काळात निघालेला. त्याला आनंद ह्याचा की हा कुक मूळचा इंजिनिअर होता आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्रिन्सिपॉल होता. बघ, आमची माणसं, असं चारदा म्हणून झालं. ग्रंथ उघडला तर सगळी वर्णनं फुलापाशी येऊन अडतात. म्हणजे पानाचं आहे, कंदाचं आहे, पण हे की ते असं ठरवायची वेळ आली की विचारणार फूल कसं आहे, पुंकेसर किती, टोकाचा भाग लांब की आखूड. लिनियसपासून वनस्पतिशास्त्राची घडीच फुलावर बसलेली आहे. पान ऊन, पाणी, सावली बघून आपलं रूप पालटतं, फूल सहसा तसं करत नाही, म्हणून. थोडक्यात कुकसाहेब आणि स्टेशनबाहेरच्या मावशी दोघांचंही म्हणणं एकच, फूल आण मग बोलू.

पण फूल येईना. नंतर कळलं त्याचं कारण. ज्याला मी खोड म्हणत होते ते खोड नव्हतंच, तो पानाचाच देठ. अख्खं झाड म्हणजे जमिनीखालचा एक कंद आणि वर एक पान, बस्स. ते पान पावसाळाभर कंदात साठवण करतं आणि मरतं. गंमत म्हणजे तो कंदही तोच राहत नाही, दरवर्षी जुना कंद त्या वर्षीच्या पानाला वाढवण्यात खर्च होतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, दिवस बरे गेले तर आधीच्यापेक्षा मोठा. असा मोठा होत होत एक वर्षी तो इतका होतो की फुलाचा खर्च परवडतो. आमच्या पट्टीत ऊन तासभर, त्यामुळे आमचं झाड आपलं काटकसरीत चाललेलं.

२०२५ ला पाऊस मुंबईत २६ मे लाच येऊन टेकला, इतका लवकर कधी आल्याची नोंदच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ठाण्याचं माहेर असलेल्या, पक्क्या सीकेपी, जिन्यात भेटल्या तर वैतागलेल्या, अगं यंदा शेवळं आली कधी आणि संपतील कधी, मला तर अजून काकडंपण मिळाली नाहीत. मी म्हटलं काकू, मागे या जरा, तुम्हाला एक दाखवायचंय. कारण त्याच आठवड्यात, वाळक्या कलमाच्या काडीपासून वीतभर अंतरावर, पानाऐवजी वेगळाच कोंब आला होता. भाल्यासारखा सरळ, लांब देठावर, वर मिटलेलं, गडद टोकाचं.

काकू साठीच्या पुढच्या, गुडघे दुखतात, आमच्या स्वयंपाकघरातून मागच्या दाराने पट्टीत उतरताना माझा खांदा धरून उतरल्या, आणि बघितल्या बघितल्या जे काही त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते मी कुठल्याही अ‍ॅपच्या पर्सेंटेजवर ओवाळून टाकीन. शेवळं! अगं बाई, हे शेवळं आहे! आणि पुढचं वाक्य, पण एका शेवळाचं काय करणार, चवीला पण पुरायचं नाही.

मग आम्ही दोघी तिथेच, एक पाय पाईपवर आणि एक चिखलात, असं उभं राहून अर्धा तास बोललो. म्हणजे त्या बोलल्या. शेवळं कशी निवडायची, वरचं आवरण सोलायचं, आतला खालचा पिवळा रवाळ भाग काढून टाकायचा म्हणजे टाकायचाच, सगळी खाज तिथे. मग बारीक चिरून तेलात परतायची, काकडांचं पाणी घालून शिजवायची. काकडं म्हणजे काकडी नव्हे हो, काकड नावाच्या झाडाची हिरवी आवळ्यासारखी आंबट फळं, शेवळंवालीच विकते, जुडीबरोबर वाटाभर. मग त्यात सोडे घाला, खिमा घाला, कोलंबी घाला, वाल घाला, आणि शेवळाची कणी तर काय विचारूच नको. एके वर्षी काकडं मिळाली नाहीत म्हणून चिंचेवर भागवलं, ती कमी पडली, तर जेवायला आलेले व्याही हातरुमाल तोंडाला लावून घरी गेले. ह्या कुळाच्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात, म्हणून अळूला चिंच, सुरणाला कोकम आणि शेवळाला काकडं. सगळी एकाच कुळातली भावंडं. आमच्या लॉबीतला मनी प्लांटही त्यांच्यातलाच निघाला, तो मात्र कोणी शिजवायला जात नाही.

शास्त्रीय नाव काय गं ह्याचं, काकूंनी विचारलं. अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, मी म्हटलं. अर्थ? आता ह्यातल्या अमॉर्फोचा अर्थ बेढब आणि फॅलसचा अर्थ, जाऊ दे, काकूंना मी सांगितलं की बेढब आकाराचं असं काहीतरी. त्यांनी त्या उभ्या कोंबाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, कळलं.

आता प्रश्न असा की कापायचं की फुलू द्यायचं. शेवळं मिटलेली असतानाच खुडतात, उमललं की भाजीतून बाद. काकूंचा जीव वरखाली होत होता हे दिसत होतं, पण त्यांनीच सांगितलं, राहू दे, चार वर्षं वाट बघितलीस ना.

उमललं ते संध्याकाळी. बाहेरचं आवरण मागे सरकलं, तपकिरी-गुलाबी झाक, आणि मधून लांब निमुळता दांडा वर आला. सुरणाचं फूल असं नसतं, ते जमिनीला टेकलेलं, बसकं, घडी घातलेल्या मोठ्या घंटेसारखं असतं आणि मध्ये सुरकुतलेला गोळा. हे म्हणजे सडपातळ. खरं तर हे एक फूल नव्हेच, आत दांड्याच्या बुडाशी शेकडो बारीक फुलं असतात, खाली मादी, त्यावर नर, आणि वरचा लांब दांडा नुसता वास पसरवायला. वास कसा, तर कुजकट. मेलेल्या पालीसारखा. ह्या वासाने माशा आणि भुंगेरे येतात, त्यांना वाटतं इथे काहीतरी मेलंय, आणि येताना अंगावर दुसऱ्या शेवळाचा पराग असला तर काम होतं. आमच्या सोसायटीत कोणाला वास आलाच नाही, तळमजल्यावर मागच्या बाजूला कुजकट वास येणं ही बातमी नाही. मीच गुडघ्यावर बसून टॉर्च मारून बघत होते. आत चार-पाच काळे किडे फिरत होते, अगदी घाईघाईने, लोकलमध्ये चढल्यासारखे.

फळ धरलं नाही. आधी मादी फुलं तयार होतात आणि नराचा पराग मागाहून सुटतो, तोवर मादीची वेळ टळलेली असते, म्हणजे आसपास दुसरं कोणी फुललेलं पाहिजे. इथे दुसरं शेवळं थेट नॅशनल पार्कात, मध्ये सगळा हायवे. तीन दिवसांत फूल मान टाकून पडलं. आठवडाभराने त्याच जागी मिटलेल्या छत्रीचं टोक वर आलं आणि पुन्हा ते आमचं ओळखीचं एक पान. मी फोटो काढून स्टेशनबाहेरच्या मावशींना दाखवायला घेऊन गेले, फुलाचा आणि पानाचा शेजारी शेजारी. त्यांनी मान डोलवली, म्हणाल्या, हां, मग बरोबर. आणि पुढच्या गिऱ्हाईकाला कंटोळी मोजायला लागल्या. मी तीन वर्षं घोळवलेल्या गोष्टीचं सर्टिफिकेट एवढंच, पण दिवसभर मी खूश होते.

म्हणजे आप्पांनी हौसेने आणलेलं कलम गेलं आणि कर्जतच्या मातीतून विनातिकीट आलेला हा कंद राहिला. त्यांना शेवळं माहीत नव्हतं. असतं तरी त्यांनी ते उपटून टाकलं असतं, आंब्याचं खत खातंय म्हणून. स्वभाव माहितीय मला.

दिवाळीनंतर पान गेलं. आणि डिसेंबरात आमच्या बिल्डिंगचं जे सहा वर्षं चाललं होतं ते एकदाचं ठरलं, रिडेव्हलपमेंटची सही झाली, जानेवारीअखेर घरं रिकामी करायची. पट्टी जाणार, तिथे पोडियम पार्किंग येणार, नवऱ्याने नकाशावर बोट ठेवून दाखवलं, बरोबर अळूवर. मी अळू वाटून टाकला. शेवळासाठी एका रविवारी हातात पिशव्या बांधून खणलं. वीतभर खोल लागला, मोठ्या बटाट्याएवढा, वरून-खालून चेपलेला, वर मधोमध एक खळगी आणि त्या खळगीत गुलाबीसर टोक, झोपलेलं. कुंडीत त्याच लाल मातीसकट पुरला. आप्पांची काडी पण आली हाताशी, नुसती ओढली तर आली, इतकी कुजली होती. ती मी कुंडीतच मोडून टाकली, खत म्हणून.

काकू ठाण्याला लेकीकडे चालल्यात. काल निरोप घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, जूनमध्ये फोन कर हं, आलं तर. काकडं मी घेऊन येते.

आता अंधेरीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, ग्रिलमध्ये जाणार ते. तिथे ऊन मात्र भरपूर आहे, सावलीचं काहीतरी बघायला लागेल. नवरा सामानाची यादी करतोय, तो असल्या बाबतीत फार शिस्तीचा, खोल्यांप्रमाणे नंबर घालून वगैरे. यादीत शेवटून तिसऱ्या ओळीत त्याने लिहिलंय, कुंडी, मातीची, रिकामी, नग १. मी 'रिकामी' वर काट मारली. तर विचारतोय मग काय लिहू, आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय.